कायुगाच्या कांठचा हिशेब

२०२४ सालच्या आश्विन महिन्यांत आम्हां उभयतांस अमेरिकेंतील इथॅका या गांवीं तीन आठवडे राहण्याचा योग आला. आमच्या थोरल्या बंधूंची कन्या तेथील कॉर्नेल विद्यापीठांत यंत्रशास्त्राचा उच्च अभ्यास करीत आहे. ‘काकू आली नाहीं तर यंदां माझ्या दिवाळीला चकली नाहीं,’ असें तिनें कळवितांच आमच्या कुटुंबानें सोऱ्या आधीं बांधला आणि पासपोर्ट मागाहून शोधला. परंतु निघण्याच्या आदल्या रात्रीं दादांनीं, म्हणजे थोरल्या बंधूंनीं, आम्हांस माजघरांत बोलावून एक कामगिरी सांगितली. ती नसती तर हा लेख लिहिण्याचें कांहीं कारण पडलें नसतें.

आमचे कैलासवासी वडील गांवच्या एका जुन्या महाविद्यालयांत तीस वर्षें गणित शिकवीत होते. त्यांच्या नांवें त्या संस्थेस आम्हां सर्व भावंडांनीं मिळून कांहीं रक्कम द्यावी, आणि ती हवामानाचें रक्षण होईल अशा कामीं लागावी, असें घरांत एकमतानें ठरलें होतें. अलीकडे अवकाळी पाऊस आणि फाल्गुनांतच पेटणारें ऊन यांनीं हा विषय वर्तमानपत्रांतून उठून आमच्या ओसरीवर येऊन बसला आहे. त्यामुळें हेतूविषयीं वाद नव्हता. साधनाविषयींही दादांस शंका नव्हती. महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीच्या छपरावर, फाटकांतून येणाऱ्यास प्रथम दिसतील अशीं सोलर पॅनेलें बसवावीं आणि खालीं संगमरवरी पाटीवर वडिलांचें नांव कोरावें, असा त्यांचा बेत होता. ‘तिकडचीं मोठीं विद्यापीठें हें काम कसें करतात तें नीट पाहून ये,’ दादा म्हणाले, ‘आणि आपला बेत बरोबर आहे एवढें आल्यावर संस्थेच्या बैठकींत सांग. पाहून आलेल्या माणसाच्या बोलण्यावर मंडळींचा विश्वास बसतो.’ आम्हीं मान डोलावली. काय पाहून यावयाचें हें असें आधींच ठरलें होतें.

न्यूयॉर्क शहरापासून इथॅकास मोटारबसनें पोहोंचावयास पांचएक तास लागतात. शहराचा गजबजाट मागें पडला कीं रस्ता डोंगरांत शिरतो. आम्ही गेलों तो पानगळीचा काळ होता. मेपलचीं झाडें तांबडीं, केशरी, पिवळीं अशीं पेटल्यासारखीं दिसत होतीं, आणि मधून मधून एखाद्या शेतांत भोंपळ्यांचे ढीग पडलेले होते. या प्रांतांत उत्तर-दक्षिण पसरलेलीं अकरा लांबट सरोवरें आहेत. नकाशावर तीं एखाद्या हाताच्या बोटांसारखीं दिसतात, म्हणून त्यांस अंगुलि-सरोवरें या अर्थाचेंच नांव पडलें आहे. फार प्राचीन काळीं हिमनद्यांनीं डोंगरांतून सरकतां सरकतां हीं दरडींमधलीं चरें कोरलीं. त्यांतील सर्वांत लांब सरोवर कायुगा. लांबी सुमारें ६१ किलोमीटर आणि अधिकांत अधिक खोली १३३ मीटर. ज्या मूळ रहिवाशांच्या जमातीवरून हें नांव पडलें त्यांची ही भूमि. त्यांच्या हातून ती गेली, नांव मात्र पाण्यावर राहिलें.

सरोवराच्या दक्षिण टोंकास इथॅका गांव, आणि पूर्वेच्या टेकडीवर विद्यापीठ. दोन्ही बाजूंस खोल घळी असून त्यांतून ओढे धबधबत खालीं येतात. वर्गांतून वर्गांत जातांना विद्यार्थी या घळींवरील पूल ओलांडतात. मध्यभागीं घड्याळाचा मनोरा आहे. त्याच्या १६१ पायऱ्या आम्ही दोन ठिकाणीं दम खाऊन चढलों. वर २१ घंटा असून त्या विद्यार्थीच वाजवितात. तेथून सरोवराकडे पाहिलें तर तें निळें पाणी उत्तरेस दिसेनासें होईपर्यंत लांबत गेलेलें दिसतें.

एझ्रा कॉर्नेल या गृहस्थांनीं अँड्र्यू व्हाइट यांच्या साहाय्यानें १८६५ सालीं हें विद्यापीठ स्थापिलें. कॉर्नेल यांनीं द्रव्य मिळविलें तें तारायंत्राच्या धंद्यांत. १८४४ सालीं वॉशिंग्टन व बाल्टिमोर यांमधली मोर्सची पहिली तार घालण्याच्या कामावर ते होते. तार जमिनीखालून न्यावयाची असें प्रथम ठरलें होतें, आणि त्यासाठीं चर खणून नळी पुरणारा एक नांगरच कॉर्नेल यांनीं तयार केला होता. पण पुरलेल्या तारेचें वेष्टन सदोष आहे असें आढळून येतांच ती खांबांवरून न्यावी लागली. स्वतःच्या नांगराचा मोह धरून ते बसले असते तर तार पोहोंचली नसती. ही गोष्ट पुतणीनें आम्हांस मनोऱ्यावरच सांगितली. ती आम्हांला पुढें पुष्कळदां आठवली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें विचारलें, ‘काका, काय काय पाहायचंय?’

‘तुझ्या वडिलांनीं सोलर पॅनेलें पाहून यायला सांगितलें आहे,’ आम्हीं म्हणालों.

ती हंसली. ‘दाखवीन. पण शेवटीं. आधीं तळ्यावर चला.’

सरोवराच्या कांठीं, रस्त्याला लागून, एक बैठी इमारत आहे. आंत पंप आणि धातूच्या पातळ पत्र्यांचे मोठमोठे गठ्ठे. बाहेरून पाहतां एखादें पाणीपुरवठ्याचें ठाणें वाटावें. या साध्या इमारतींतून टेकडीवरच्या साऱ्या प्रयोगशाळा, ग्रंथालयें आणि यंत्रगणकांच्या खोल्या उन्हाळ्यांत गार राहतात. त्याची युक्ति अशी. पाणी सुमारें चार अंश उष्णमानास सर्वांत जड असतें. म्हणून हिंवाळ्यांत थंड झालेलें जड पाणी तळाशीं जाऊन बसतें आणि वरचें पाणी उन्हानें कोमट झालें तरी तें खालचें बारा महिने थंडगार राहतें. कांठापासून तीन किलोमीटरांवर आंत, ७६ मीटर खोलींतून एक नळ हें पाणी या इमारतींत आणतो. टेकडीवरून दुसऱ्या बंद नळानें इमारतींची उष्णता घेऊन आलेलें पाणी येथें येतें. पत्र्याच्या एका बाजूनें हें आणि दुसऱ्या बाजूनें तें, असे दोन्ही प्रवाह वाहतात. एकमेकांत मिसळत नाहींत, उष्णता तेवढी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. आमच्या कुटुंबास हें एका वाक्यांत समजलें. ‘म्हणजे दुधाचें पातेलें पाण्याच्या परातींत ठेवतों तसेंच कीं!’ तसेंच, खरोखर. परात मात्र ६१ किलोमीटर लांबीची.

हें काम २००० सालीं सुरूं झालें. त्यास सुमारें पांच कोटी ऐंशी लाख डॉलर खर्च आला. नेहमींच्या शीतयंत्रांस जी वीज लागली असती तिच्यांत सुमारें ८६ टक्के बचत झाली. तें निर्विघ्न झालें असें मात्र नव्हे. कोमट पाणी उथळ भागांत सोडल्यानें तळें तापेल, तळांतील स्फुरद वर येऊन शेवाळ माजेल, अशी गांवांतील पुष्कळ मंडळींस भीति होती, आणि ती त्यांनीं सभांतून जोरानें मांडली. त्यामुळें तळ्याच्या पाण्याची वर्षानुवर्षें तपासणी करणें विद्यापीठास भाग पडलें. आमच्या मतें यांत कमीपणा कांहींच नाहीं. ज्याच्या परातींत आपण पातेलें ठेवतों त्यास विचारावयास नको काय?

परत येतांना आम्हीं एक शंका काढली. एवढें मोठें काम, आणि पाहावयास कांहींच नाहीं! नळ पाण्याखालीं, दुसरा नळ रस्त्याखालीं, इमारत गोदामासारखी. देणगीदारानें आपलें नांव लावावयाचें तरी कोठें?

‘बाबांचाच प्रश्न विचारलात,’ पुतणी म्हणाली.

थंडाव्याचा प्रश्न असा सुटला, तरी कॉर्नेलची मुख्य अडचण थंडावा नव्हे, ऊब आहे. येथें हिंवाळ्यांत पारा शून्याखालीं दहा-पंधरा अंश सहज उतरतो. आम्ही गेलों तेव्हां तर नुसता आरंभ होता, तरी सकाळीं रस्त्यांतील झांकणांच्या फटींतून वाफ उठतांना दिसे. एका मध्यवर्ती भट्टीघरांत वाफ तयार करून ती जमिनीखालच्या नळ्यांनीं घरोघर पोहोंचविण्याची येथील पद्धत जुनी आहे. पूर्वीं त्या भट्टींत कोळसा जळे. हवामानाचें रक्षण करावयाचें तर प्रथम काय करावें, हा विचार विद्यापीठानें पद्धतशीर सुरूं केला तो २००७ सालीं. त्या वेळच्या अध्यक्षांनीं इतर शेंकडों महाविद्यालयांच्या प्रमुखांबरोबर तशी प्रतिज्ञाच केली. २००९ च्या योजनेंत उपायांचे पांच गट पाडले गेले: नव्या इमारती बेतानें बांधणें, जुन्यांतील ऊर्जेचा अपव्यय थांबविणें, जाण्यायेण्याचीं साधनें बदलणें, इंधन बदलणें, आणि एवढें करून जें उरेल त्याची अन्यत्र भरपाई करणें. हा क्रमही लक्षांत घेण्याजोगा आहे. भरपाई शेवटीं आहे; पापक्षालनाचा विधि आधीं करून मग पाप करावयाचें असा नव्हे.

इंधनाच्या गटांत मोठी उडी लवकरच पडली. २००९ च्या अखेरीस नैसर्गिक वायूवर चालणारीं, प्रत्येकी १५ मेगावॅट शक्तीचीं दोन यंत्रें भट्टीघरांत बसलीं. तीं वीज करतात आणि वीज करतांना जी उष्णता वायां जावयाची तिचीच वाफ करतात. २०११ सालीं कोळसा कायमचा बंद झाला. कर्बवायूचा आंकडा उतरला. येथपर्यंतची हकीकत ऐकून आम्हीं समाधानानें ‘छान!’ असें म्हणालों. तेव्हां पुतणीनें आम्हांस थांबविलें.

गोष्ट अशी घडली कीं, त्याच २०११ सालीं याच विद्यापीठांतील रॉबर्ट हॉवर्थ व अँथनी इन्ग्राफिया या प्राध्यापकांनीं एका सहकारी संशोधिकेसह एक निबंध प्रसिद्ध केला. खडकांतून वायु उपसतांना आणि नळांतून नेतांना त्यांतील कांहीं मिथेन गळतो. हा मिथेन पहिल्या वीस वर्षांत कर्बवायूच्या ऐंशीपटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. शंभर वर्षांचें मान धरलें तरी तीसपटींच्या आसपास. ही गळती हिशेबांत धरली तर वायु कोळशापेक्षां बरा हा समज टिकत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढच्याच वर्षीं लॉरेन्स कॅथल्स या त्याच विद्यापीठांतील दुसऱ्या प्राध्यापकांनीं सहकाऱ्यांसह त्याचें खंडन केलें. वाद गाजला. पण विचार करा: ज्या संस्थेनें नुकताच वायूवर मोठा खर्च केला, तिच्याच छपराखालीं बसून तिचा हिशेब अपुरा आहे असें सांगणारीं माणसें होतीं, आणि तीं सुखेनैव शिकवीत राहिलीं.

आमचे वडील फळ्यावर बेरीज मांडतांना म्हणत, कीं हातचा विसरणारा मुलगा हुशार असला तर अधिक धोक्याचा, कारण त्याचें अक्षर सुंदर असतें आणि उत्तरावर कोणी शंका घेत नाहीं. कॉर्नेलच्या हिशेबांत हा मिथेन म्हणजे विसरलेला हातचा होता. भट्टीघराच्या धुराड्यांतून तो निघत नाहीं. दूर विहिरीपाशीं आणि नळाच्या सांध्यांतून निघतो. म्हणून वहींत तो कोणाच्याच नांवें पडत नव्हता.

तो हातचा अखेर घेतला गेला. २०१६ सालीं विद्यापीठाच्या वरिष्ठ मंडळींनीं एक अहवाल तयार केला. कर्बवायूचा बोजा शून्यावर आणण्याची मूळची २०५० ही मुदत तोंवर अलीकडे ओढून २०३५ केली होती. ती गांठावयाची कशी याचे पर्याय त्यांत शेजारीं शेजारीं मांडले. गळणाऱ्या मिथेनचा आंकडाही त्यांत धरला, आणि त्यानें एकंदर आंकडा पुष्कळच फुगतो हें लपविलें नाहीं. आतां कोळशाच्या जागीं वायु आणला एवढ्यावर भागणारें नव्हतें. वायूचीच जागा भरून काढावयास हवी होती. खोल भूगर्भांतील उष्णता वर आणणें, उथळ विहिरींवर किंवा नुसत्या हवेवर चालणारे हीट पंप, लांकूडकाडी, अणुशक्ति, इत्यादि सारे पर्याय तपासले. हीट पंप म्हणजे आपलें घरचें शीतकपाट उलटें लावावें तसें यंत्र. बाहेरची उष्णता ओढून तें घरांत सोडतें. उथळ विहिरींस जागा अफाट लागते. हवेवरच्या पंपास नेमकी कडाक्याच्या थंडींत, म्हणजे अगदीं गरजेच्या वेळीं, वीज अधिक लागते. लांकूडकाडीस रान हवें. प्रत्येक पर्याय चार कसांवर घासून पाहिला: विद्येच्या कार्यास तो पोषक आहे काय, माणसांस हितकर आहे काय, द्रव्याच्या दृष्टीनें झेपेल काय, आणि पृथ्वीचें त्यानें किती राखलें जाईल. चारही कसांवर सर्वश्रेष्ठ असा एकही निघाला नाहीं. अर्थात् निघतच नसतो. म्हणूनच तर क्रम लावावा लागतो.

त्यांतून खोल उष्णतेचा प्रयोग पुढें आला. २०२२ च्या उन्हाळ्यांत विद्यापीठाच्या जागेंतच जवळजवळ तीन किलोमीटर खोल विहीर पाडण्यांत आली. केंद्र सरकारच्या ऊर्जाखात्यानें त्यास द्रव्यसाहाय्य केलें. तळाशीं उष्णमान ऐंशी अंशांच्या आसपास आढळलें, म्हणजे घरें उबदार करण्यास उपयोगी पडेल इतकें. ती जागा आम्ही पाहिली. खडी अंथरलेलें मोकळें आवार, कुंपण, आणि मध्यें झांकण घातलेली विहीर. एवढेंच. ही निरीक्षणाची विहीर आहे. तिच्या उष्णतेवर अद्याप एकही खोली तापत नाहीं. आम्ही तेथें उभे असतां वर भट्टीघरांत वायूच जळत होता. २००८ सालच्या मानानें विद्यापीठाचा बोजा एक-तृतीयांशाहून अधिक उतरला आहे. उरलेला भाग अवघड आहे, आणि २०३५ दूर नाहीं. हें पुतणीनें कांहींही न लपवितां सांगितलें. आपल्या शाळेचा अभिमान बाळगणाऱ्या मुलीच्या तोंडीं हें ऐकून आम्हांस बरें वाटलें.

त्याच सायंकाळीं तिनें आपली प्रयोगशाळा दाखविली. रसायनांचा विषारी धूर ओढून घेण्यासाठीं तेथें कांचेच्या सरकत्या दाराचीं कपाटें असतात. कपाट आपल्यापुढची हवा सतत बाहेर फेंकतें; आणि ती हवा तर हिंवाळ्यांत पैसे घालून तापविलेली असते. असें एक कपाट तिकडच्या तीनएक घरांइतकी ऊर्जा खातें म्हणतात. नव्या पद्धतीच्या कपाटांत दार खालीं ओढलें कीं हा खर्च पुष्कळ घटतो. तिच्या कपाटावर एक चिठ्ठी चिकटविलेली होती: काम झाल्यावर दार खालीं ओढा. ‘काका, आमच्या यादींतला सगळ्यांत स्वस्त उपाय हा,’ ती म्हणाली. ‘विहिरीला लाखों डॉलर लागले. याला एक हात लागतो. पण याच्या उद्घाटनाला कोणी येत नाहीं.’

सोलर पॅनेलें आम्हीं खरोखरच शेवटीं पाहिलीं. तीं मुख्य इमारतींवर मिरवत नव्हतीं; गांवाबाहेरच्या माळांवर होतीं. पहिलें मोठें, सुमारें दोन मेगावॅटचें शेत २०१४ सालचें. पुढें आणखी झालीं. पॅनेलांखालीं मेंढ्या चारण्याचे प्रयोगही येथील कृषिशास्त्रज्ञांनीं केले आहेत. काम चांगलें आहे. पण न्यूयॉर्क राज्याच्या या वरच्या भागांतील बरीचशी वीज मुळांतच नायगारासारख्या जलप्रपातांची आणि अणुभट्ट्यांची असते. तेथें पॅनेलाच्या एका युनिटानें जो कर्बवायु वांचतो तो त्यामानानें थोडा. म्हणून त्या यादींत पॅनेलांस स्थान आहे, अग्रस्थान नाहीं.

आम्ही मनांतून अस्वस्थ झालों. आतां दादांस काय सांगावें? त्यांनीं निवडलेला उपाय शेवटून पहिला, असें? पुतणीस तसें बोलून दाखवितांच ती गंभीर झाली. ‘तसं मुळींच सांगूं नका. आपल्याकडची वीज बहुतेक कोळशाची. तिथं पॅनेलाचा एक युनिट इथल्यापेक्षां कितीतरी जास्त कर्बवायु वांचवतो. आपल्याकडे घरं तापवायचीही नाहींत. इथली यादी उचलून नेलीत तर बाबांच्या पाटीपेक्षां मोठी चूक होईल. यादी इथेंच ठेवा, रीत तेवढी न्या.’

ती रीत तिनें दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारीं एका कागदावर लिहून दिली. वसतिगृहांत पणती लावण्यास मनाई, म्हणून खिडकींत विजेचा छोटा आकाशकंदील होता. त्याच्या उजेडांत तिनें चार ओळी लिहिल्या. किती आणि कोठें खर्च होतें तें आधीं बारा महिन्यांचें मोजा. फुकट थांबवितां येईल तें प्रथम थांबवा. मग कमी खाणारें साधन आणा, आणि उरलेल्या गरजेपुरतेंच नवें उत्पन्न करा. चौथी ओळ अशी होती: वहींत न आलेलें काय, तें शोधा.

‘चौथ्या ओळीचें उदाहरण?’ आम्हीं विचारलें.

‘तुमचं विमान,’ ती म्हणाली, आणि जीभ चावली. मुंबईहून न्यूयॉर्कला जाऊन येणाऱ्या एका माणसाच्या वांट्यास दोन टनांहून अधिक कर्बवायु येतो. आम्ही दोघे होतों. हा आंकडा विद्यापीठाच्या वहींत नाहीं, आमच्या महाविद्यालयाच्या नाहीं, आणि त्या रात्रीपर्यंत आमच्याही नव्हता. आमचें कुटुंब कांहीं वेळ गप्प राहून म्हणालें, ‘मग पुढच्या दिवाळीला तूंच ये, शिक्षण संपवून. एकाच बाजूचें तिकीट.’ त्या वाक्यांत हिशेब किती आणि आईसारखी माया किती, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं.

परत आल्यावर संस्थेच्या बैठकीस आठ दिवस होते. आम्हीं आधीं दादांपुढें कागद ठेवला. त्यांनीं तो दोनदां वाचला आणि घडी करून आमच्याच हातीं परत दिला. ‘मीं तुला पाहून यायला सांगितलें होतें,’ ते म्हणाले, ‘शिकून यायला नव्हे.’ त्यानंतर चार दिवस जेवतांना ते आमच्याशीं पानावरच्या भाजीपलीकडे बोलले नाहींत. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस या अबोल्याचें वजन निराळें सांगावयास नको. रक्कम सर्वांची होती, पण वडिलांचें नांव हा दादांचा जिव्हाळा होता. त्यांच्या डोळ्यांपुढें ती पाटी केव्हांच लागलेली होती.

आम्हीं तोंवर बारा महिन्यांचीं वीजबिलें मिळविलीं आणि एका रात्रीं दहा वाजतां पहारेकऱ्यास बरोबर घेऊन आवारांतून फिरलों. रिकाम्या प्रयोगशाळेंत दिवे जळत होते. वसतिगृहाच्या गच्चीवरील टाकी भरून वाहत होती आणि खालीं पंप चालूंच होता. न्हाणीघरांत जुने विजेचे गीझर. वर्गांत जुने पंखे. असा एक पंखा ७५ वॅट खातो, आणि नव्या जातीचा ३० वॅटच्या आसपास. म्हणजे शंभर पंख्यांमागें साडेचार किलोवॅट. तेवढी गरज मुळांत उरतच नाहीं, तर तिच्यासाठीं छपरावर पॅनेलें कशाला हवीं? हें सारें आम्हीं पांचव्या दिवशीं दादांपुढें मांडलें. ते बराच वेळ स्तब्ध होते. मग त्यांनीं विचारलें, ‘आणि बाबांचें नांव? पंख्यावर लिहायचें?’

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वाती वळीत बसलेल्या आमच्या मातोश्री मान वर न करतां म्हणाल्या, ‘ते तास संपला कीं पंखा बंद करूनच वर्गांतून निघत. पोरें उकडतें म्हणून कुरकुरायचीं.’

दादा कांहीं बोलले नाहींत. पण बैठकींत ठराव त्यांनींच मांडला. प्रथम टाकीस पाणी भरतांच पंप बंद करणारी कळ आणि प्रयोगशाळांस रात्रींचा नियम, मग पंखे, वसतिगृहावर गीझरच्या जागीं सोलर बंब, आणि उरलेल्या रकमेंत पॅनेलें, मूळच्या निम्म्याहून थोडीं कमी. तीं फाटकांतून दिसणाऱ्या मुख्य छपरावर बसविलीं नाहींत. तेथें पिंपळाची सावली दुपारपासून पडते. मागच्या बाजूस प्रयोगशाळेच्या गच्चीवर बसविलीं, जेथें ऊन दिवसभर असतें आणि पाहणारें कोणी नसतें.

आमच्या एका लहानशा महाविद्यालयानें एवढें केलें म्हणजे जगाचें उष्णमान उतरेल, असें समजण्याइतके आम्ही भोळे नाहीं. परंतु महाविद्यालयाचें काम माणसें घडविण्याचें आहे. तेथें चार वर्षें काढणारा विद्यार्थी पुढें कारखाना चालवील, नगरपालिकेंत बसेल, घर बांधील. कोणता उपाय आधीं आणि कां, हें तेथें मोजून ठरविलें जातें कीं दिखाव्यावरून, हें तो पाहतच असतो. तो धडा शिकविण्यास निराळा तास लागत नाहीं.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दादा स्वतः महाविद्यालयांत जाऊन मीटरवरचे आंकडे एका वहींत उतरवून आणतात. वही वडिलांची आहे. तिच्या पहिल्या पानांवर त्यांच्या हातचीं गणितें आहेत, आणि कोऱ्या पानांपासून दादांचे आंकडे सुरूं झाले आहेत. पाटी कोठें लावावी हा प्रश्न अद्याप पुढच्या बैठकीवर आहे.